डॉक्टरांसाठी केलेली यादी

३ मार्च, सोमवार

आज शेजारच्या ऑल्डरसनने कहर केला! मी पोस्टात गेले होते, म्हणून दवाखान्याच्या काउंटरवर माझ्या जागी खुद्द डॉक्टर ओबिओरा. ऑल्डरसन आला, टोपी काढली, म्हणाला, जरासं बोट दुखतंय, वेळ असेल तर बघा, घाई नाही. डॉक्टरांना लंडनहून इथे येऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. त्यांनी ‘जरासं’ म्हणजे जरासंच धरलं आणि त्याला सगळ्यात शेवटी ठेवलं. दोन तास बसला बाबा, मेंढ्यांच्या भावाबद्दलचं जुनं मासिक चाळत, एका हाताला हातमोजा. हातमोजा काढला तर अंगठ्याचं वरचं पेर गायब! ट्रॅक्टरच्या जोडणीत गेलं. “उरलेलं आणलंय,” म्हणाला, आणि कोटाच्या खिशातून सँडविचचा डबा काढला.

मी असते तर टोपी काढली तिथेच ओळखलं असतं. ऑल्डरसन टोपी चर्चमध्येसुद्धा नाइलाजाने काढतो.

घरी आले तर नॉर्मन चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात उभा. सकाळीच फरशी पुसली होती. लग्न झाल्यापासून बत्तीस वर्षं तेच बोलतेय मी, आणि बत्तीस वर्षं तो म्हणतोय, “जरासाच लागलाय चिखल.” आठ पावलं मोजली, दारापासून किटलीपर्यंत.

आंघोळीच्या वेळी डाव्या काखेखाली हाताला जराशी गाठ लागली. असेल काहीतरी.

४ मार्च

डॉक्टर अजून सावरले नाहीत. दहादा विचारलं, तो माणूस ‘जरासं’ का म्हणाला? काय सांगणार! इथे खोऱ्यात सगळे तसंच म्हणतात. पूर आला, पूल वाहून गेला, तरी रस्त्यावर जरासं पाणी. माझ्या सासऱ्यांनी मरायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं की आज जरा बरं नाही वाटत.

“मिसेस मेटकाफ,” डॉक्टर म्हणाले, “मला हे सगळं लिहून द्या. मी पाठ करतो.” चेष्टा वाटली. पण नाही, वही पुढे केली.

६ मार्च

यादी दिली. चहाच्या वेळात लिहिली, लिहिता लिहिता स्वतःशीच हसत होते. आठवतंय तेवढं इथेही उतरवते —

जरासं दुखतंय: आठवडाभर झोप नाही.

जराशी धाप लागते: सगळ्यांना थांबवा, याला आत घ्या.

जरासा पडलो: शिडीवरून. किंवा छपरावरून.

बायकोने पाठवलं: ॲम्ब्युलन्स बोलवा.

घाई नाही: आहे.

आणि शेवटी, दाराच्या मुठीवर हात ठेवून “जाता जाता एक सांगायचं होतं” असं कुणी म्हणालं, तर माणूस तेवढ्याचसाठी आलेला असतो. आधीची दहा मिनिटं नुसती हवापाण्याची.

११ मार्च

यादी टेबलाच्या खणात ठेवलीय त्यांनी, आतल्या बाजूला चिकटवून! आज मिसेस रॉ दाराशी पोचल्या, वळल्या, “जाता जाता...” म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून परत खुर्चीत बसवलं. छातीत कळा येत होत्या बाईच्या, रविवारपासून. वेळेत गेल्या इस्पितळात. डॉक्टर माझ्याकडे बघून असे हसले की मलाच पदक मिळाल्यासारखं झालं.

माणूस चांगला आहे. एक सवय लक्षात आलीय त्यांची. रिपोर्ट चांगला असला की म्हणतात, तुम्हीच कळवून टाका. वाईट असला की दार लावून घेतात आणि स्वतः फोन करतात.

१४ मार्च

गाठ आहे तिथेच. जराशीच आहे.

१९ मार्च

आमच्या मेंढ्यांना कोकरं व्हायला लागली. एकाच दिवसात अकरा. एक अशक्त आहे, त्याला चुलीजवळच्या खोक्यात ठेवलंय, बाटलीने दूध पाजतेय. नॉर्मनला जेवायला फुरसत नाही, त्याला कुठे हे सांगू? शिवाय दुखत नाही अजिबात. दुखत असतं तर वेगळी गोष्ट.

भीती वगैरे काही नाही. आज तीनदा चाचपून पाहिली, एवढंच.

२५ मार्च

सांगितलं!

डॉक्टरांचा चहा घेऊन आत गेले. वाऱ्याबद्दल बोलले, छपराच्या पागोळ्यांबद्दल बोलले, खोक्यातल्या कोकराबद्दल बोलले. निघाले. दाराशी वळून मी म्हणाले, “जाता जाता सांगते — काखेखाली जराशी गाठ आहे. घाई नाही.”

त्यांनी खण ओढला, टेबलावर ठेवला, माझ्याकडे वळवला. माझंच अक्षर. “बसा,” म्हणाले.

बसले. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, एकाच वेळी. गावभरच्या लोकांचं ‘जरासं’ ओळखणारी मी! बावीस दिवस स्वतःलाच वेटिंगमध्ये बसवून ठेवलं.

तपासलं. तिथल्या तिथे शहरातल्या इस्पितळाला पत्र लिहिलं.

१ एप्रिल

नॉर्मनला म्हटलं, उद्या शहरात जरासं काम आहे, बसने जाऊन येते.

तो बुटांचे बंद सोडत होता. थांबला. “जरासं?” म्हणाला.

“जरासं.”

“मग मी येतो.” आणि कोकरांच्या ऐन धांदलीत उठून ऑल्डरसनकडे गेला, मेंढ्या सांभाळशील का विचारायला. नऊ बोटं आणि एक पट्टी, तरी तो लगेच हो म्हणाला. मी चुलीपाशी बसून भरपूर रडले, कोकराने माझी बाही चोखून ओली केली.

२ एप्रिल

तपासणीसाठी गाठीत सुई घातली. जरासं — नाही. दुखलं. चांगलंच दुखलं.

येताना नॉर्मनने गाडी थांबवून तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी घेतल्या. गाडीतच खाल्ल्या, काचेवर वाफ धरेपर्यंत. व्हिनेगर जास्त झालं होतं.

८ एप्रिल

खोक्यातलं कोकरू आज पळालं. पार अंगणाच्या भिंतीपर्यंत!

१२ एप्रिल, शनिवार

दवाखाना बंद. सकाळी फरशी पुसून झाली आणि फोन वाजला. डॉक्टर स्वतः. “मिसेस मेटकाफ, जरा घरी येऊन जाऊ का? घाई नाही.”

शिकले की!

नॉर्मनला हाक मारली. आला तो चिखलाच्या बुटांनीच, थेट माझ्यापर्यंत, आणि शेजारी बसला. मी आज पावलं मोजली नाहीत.