बाबा, लेव्हल तीस

२० जुलै, सकाळी ९
चिझुरूचा फोन. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत, १३ ऑगस्टला येते म्हणाली. जाताना लहानपणचा तो व्हिडिओ गेम नेणार, त्यात जपलेली तिची फाइल अजून शाबूत असेल तर. चव्वेचाळीस वर्षांत मुलीने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. लग्नातही जे मागायचं ते आईकडे मागितलं होतं. ठरवलं: अशी द्यायची की बघत राहिली पाहिजे.

२१ जुलै
माळ्यावरून गेमचं लाल-पांढरं यंत्र काढलं. मेव्हण्याकडून जुना टीव्ही आणला. कॅसेट लागेना. तळाशी फुंकर मारली, लागली. फुंकरीत शास्त्र आहे, डावीकडून उजवीकडे मारायची. फुमिए म्हणाली, फुंकरीने नाही हो, काढून परत लावली की लागते. माझी बायको शिवणाचे क्लास घेते.
कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते, ती फाइल जपते. छत्तीस वर्षांनी जिवंत! नायकाचं नाव चिझुरूने ठेवलंय 'बाबा'. लेव्हल १. हातात काठी. पहिल्याच गावात, स्वतःच्या घरात, पलंगाशेजारी उभा. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही.
वाईट वाटलं. पोरीला खेळता येत नव्हतं. मी तेव्हा बदलीवर अकिताला, एकटाच, सहा वर्षं. घरी असतो तर शिकवलं असतं.

२२ जुलै
निर्णय. १३ तारखेच्या आत 'बाबा'ला लेव्हल ३० वर नेणार. रोज दोन तास फक्त. शिवाय व्यायाम.
फुमिए म्हणाली, अहो, आहे तसं देऊन टाका ना. म्हटलं, तुला यातलं कळत नाही. निदान कॅसेटमध्येच दुसऱ्या जागेवर तिच्या फाइलची नक्कल करून ठेवा म्हणाली. नक्कल केली की बॅटरीवर ताण येतो. कुठे वाचलं आठवत नाही, पण येतो.

२३ जुलै
सहा तास. लेव्हल ४. काठी विकून सुरी घेतली. व्यायाम उद्यापासून.

२५ जुलै
गोगलगायीने मारलं. दोनदा. कंट्रोलर जुना झालाय.

२८ जुलै
गुप्त सोय! दुसऱ्या कंट्रोलरमध्ये माइक असतो. आजच्या पोरांना पत्ताही नाही. काही गेममध्ये त्यात ओरडलं की शत्रू मरतात. आपल्यात कुठे चालतं ते शोधायला प्रत्येक गुहेत ओरडून पाहिलं. पाऊण तास. कोणी मेलं नाही. शेजारच्या ओनिशीबाई येऊन फुमिएला विचारून गेल्या, घरी सगळं ठीक आहे ना. फुमिए म्हणाली, हे रिटायर झालेत. तेवढ्यावर बाईंचं समाधान झालं.

१ ऑगस्ट
बंद करताना आधी रीसेट दाबून धरायचं, मग पॉवर. नाहीतर फाइल उडते. फुमिएला नीट समजावून सांगितलं. तिला ठाऊक होतं. चिझुरू शाळेतून आली की रोज तसंच बंद करायची म्हणे. म्हटलं, रोज खेळायची तर लेव्हल एकच कशी? फुमिए शेवया उकळत होती. म्हणाली, तिलाच फोन करून विचारा. फोनला वेळ कुठे आहे, चौदावी लेव्हल चालू आहे.

६ ऑगस्ट
मांजर यंत्रावर चढलं. चित्र गोठलं. या यंत्राला धक्का सोसत नाही. चार तासांची मेहनत गेली. मांजराला बोललो नाही, ते फुमिएचं आहे. अंगठ्याला फोड. व्यायामाचा विषय तूर्त बंद.

९ ऑगस्ट
लेव्हल २५. समुद्र ओलांडला. जहाज फुटलं, पण पुढेच जायचंय, परतायचंय कोणाला?

१२ ऑगस्ट
लेव्हल ३०! एक दिवस आधी. चिलखत, तलवार, सगळं. जगाच्या उत्तर टोकाला बर्फाच्या किल्ल्यात फाइल जपली. फुमिएला दाखवलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, उद्या ती आली की मी भाजीला जाईन, तुम्ही दोघं बघा. आनंदाने शब्द सुचले नसावेत.

१३ ऑगस्ट
चिझुरू आली. कलिंगड कापायच्या आत यंत्र लावलं. म्हटलं, बघ आता.
बघितलं. म्हणाली, बाबा घरी नाहीत? म्हटलं, घरी कसला, जगाच्या टोकाला पोचलाय.
मग तिने सांगितलं. मी शाळेतून आले की चालू करायचे. बाबा घरात असायचे. मी बघायचे आणि बंद करायचे. दार कधी उघडलं नाही, बाहेर गेले तर परत येणार नाहीत असं वाटायचं.
वर म्हणाली, पुन्हा बदली झाली वाटतं. हसत म्हणाली.
म्हटलं, नवी फाइल करतो, तेच नाव, तेच घर, दोन मिनिटांचं काम. म्हणाली, ते दुसरे कोणी बाबा होतील.

१४ ऑगस्ट
चिझुरू सकाळच्या गाडीने गेली. कॅसेट इथेच ठेवून गेली. दारात बूट घालताना म्हणाली, बाबा घरी पोचले की कळवा.
बरं म्हटलं.
परतायला जहाज नाही. डोंगरातून वाट असावी, नक्की माहीत नाही. फुमिएने विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, आधी निघू तर दे, आणि यंत्र चालू केलं.