मागे घर नसलेली पत्रपेटी

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. वाकता येतंय, हीच या पत्रातली पहिली बातमी.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान त्याचं वर्णन करणं तरी त्यांनी थांबवलं असेल, अशी आशा करतो. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक.

गेल्या मंगळवारी सकाळी मी शर्टाची सहाच्या सहा बटणं स्वतःच्या हाताने लावली. तू म्हणशील, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने एवढ्यासाठी पाकीट खर्ची घालावं का? पण गेलं वर्षभर ती बटणं ही लावायची, आणि लावता लावता दिवसभराच्या सूचना द्यायची. गळ्याचं बटण तिच्या हातात, त्यामुळे मी नुसतं हो म्हणायचो. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ मिटायची नाही. देवापुढे हातसुद्धा जुळायचे नाहीत; दोन पंजे भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे अंतर राखून समोरासमोर उभे. देवाने वर्षभर तसाच नमस्कार चालवून घेतला. हे पत्रही माझ्याच हातचं आहे, हिला सांगून लिहवलेलं नाही. आठवतं ना, शाळेत गुरुजी तुझा ‘ळ’ सगळ्या वर्गाला दाखवायचे आणि माझ्या ‘ळ’ला मेलेला बेडूक म्हणायचे? तो बेडूक पुन्हा उठून बसलाय.

हे कसं झालं ते सविस्तर सांगतो. सांध्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या निम्म्या, पण समजावायची हातोटी गुरुजींची. मी पोस्टमन म्हटल्यावर त्यांनी माझ्याच भाषेत सुरुवात केली. शरीराच्या राखणदार पेशी एकमेकींना निरोप धाडतात, म्हणाल्या. निरोप म्हणजे एक बारीकसं प्रथिन. मजकूर एवढाच, की जंतू शिरलेत, आग पेटवा. जिने निरोप घ्यायचा तिच्या दारावर नेमक्या त्याच मापाची पेटी असते. प्रथिन पेटीत पडलं की आत धावपळ सुरू. जंतू असले तर हे बरंच. “पण काका, तुमच्या सांध्यांत जंतू नाहीत आणि निरोप मात्र थांबत नाहीत.” मग त्यांच्या इंजेक्शनात काय असतं? तशाच हुबेहूब पेट्या, फक्त मागे घर नसतं. निरोप त्यांत पडतात आणि तिथेच राहतात.

अक्का, मी ताडकन उठलो. (उठायला बराच वेळ लागला, त्यामुळे ताडकनपणा थोडा उणा पडला.) म्हटलं, “बाई, सत्तावीस वर्षं टपाल वाटतोय. कुणाचं साधं कार्ड अडवलं नाही. आणि माझ्याच अंगात खोट्या पेट्या बसवता?” ही पदर सावरत त्यांना म्हणाली, “काही नाही हो, सुईला घाबरतात.” (तेही खरं आहे, पण तो मुद्दा वेगळा.)

मग तत्त्व सांभाळत मी घरी आलो आणि तेलं, लेप, शेक सुरू केले. कचेरीत टपाल निवडणाऱ्याला आम्ही ‘शिक्का’ म्हणतो, कारण तो बोलतो एकदाच, पण ठसा उमटतो. तो म्हणाला, “तत्त्वाला बोटं नसतात, म्हणून त्याला दुखत नाही.” मी लक्ष दिलं नाही.

लक्ष द्यायला लावलं ते एका कवळीने. एका इमारतीत तळमजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहतात, वरच्या मजल्यावर लग्न ठरलेला एक तरुण. दातांच्या दवाखान्याचं कार्ड आलं होतं, ‘आपली कवळी तयार आहे, येऊन बसवून घ्यावी.’ माझ्या बधिर बोटांना दोन कागद वेगळे कळले नाहीत आणि हेडक्लार्कांचं कार्ड त्या तरुणाच्या पाकिटाला चिकटून वर गेलं. नेमके भावी सासरे बसले होते. त्यांनीच ते वाचलं. बिचारा बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून शपथा घेत होता, आणि सासऱ्यांनी एक दात हलवून पाहिला म्हणतात. (लग्न टिकलं. दातही.) मी माफी मागून जिना उतरलो आणि मधल्याच पायरीवर बसलो. निरोप खोटा नव्हता, भलत्या दारात पडला, तर घर पेटलं. माझ्या सांध्यांत वर्षभर दुसरं काय चाललं होतं?

परत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकच शंका विचारली, की त्या खोट्या पेट्यांतली पत्रं उघडतं कोण? कुणीच नाही, म्हणाल्या. शरीर यथावकाश त्यांची विल्हेवाट लावतं. शिवाय असल्या मोकळ्या पेट्या शरीर स्वतःही सोडत असतं, आग आवरायला. तुमच्या कमी पडल्या, इतकंच. अक्का, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे योजना मूळ त्याचीच! आपण नुसत्या चार पेट्या वाढवायच्या. आधी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, कारण या बंदोबस्तात एखादा खरा धोक्याचा निरोपही अडकू शकतो. म्हणून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच कळवायचं. पहिल्या सुईला डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. बऱ्याच वेळाने नर्स म्हणाली, “काका, झालंय कधीच. बाहेर लोक थांबलेत.” दर आठवड्याला एक, अशा सहा झाल्या. सगळं बरं झालं असं म्हणत नाही, पण मूठ मिटते.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. कुणाचं कार्ड अडवलं नाही असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. तीन महिन्यांपूर्वी तू हिच्या नावे पाठवलेलं पाकीट माझ्याच पिशवीत होतं. मला सुईला धरून ने असं लिहिलं असणार, म्हणून दडवलं. फोनवर तू विचारलंस तेव्हा म्हणालो, हल्ली टपालाचं काही खरं नाही. मागे घर नसलेली पेटी मीच.

दुसरा ता. क. पाकीट उघडलं नव्हतं. पण मंगळवारी बटणं लावल्यावर ते बाहेर काढलं, तर पत्त्यातल्या ‘टपाल कचेरीजवळ’मधला ‘ळ’ दिसला. अक्का, तो तुझा ‘ळ’ नव्हता, माझा बेडूक होता. तसंच ते हिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यात माझं नावही नव्हतं. सकाळी बोटं मिटत नाहीत, काय करू, एवढंच विचारलं होतंस; आणि खाली, याला सांगू नकोस, घाबरट आहे. डॉक्टरीणबाईंकडे उद्या अकराला तुझा नंबर लावलाय. दुखणं तेच की दुसरं, हे त्या ठरवतील.

तिसरा ता. क. (पेन्सिलीने, कारण मांडीवर लिहितोय.) हे पत्र टपालात टाकलेलं नाही. दाजींनी आत आणून दिलं ना? तुझं वाचून होईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसलोय.