टेकाडावरची जागा

पुसद,
१७ नोव्हेंबर २०२४

खुशीच्या बाबाले नमस्कार.

इकडे भाऊ, वैनी, आपली खुशी समदे मजेत हायेत. तिकडे कापूस वेचून झाला का? मले आठवण-बिठवण काही येत नाही, उगाच इचारलं. फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तुम्ही मले बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र. आता गुपचूप वाचा.

काल बाजारात आपल्या तांड्यावरचा शाम भेटला. म्हणे, नळ आले, पण टेकाडापलीकडच्या घरी नुसते फुसफुस करतात, अन् याडी पुन्हा डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन हापशीवर जाते. अरे देवा! सासू असली तरी तिचे गुडघे मले माहीत हायेत ना!

हवेचा व्हॉल्व म्हणे खाली रस्त्याच्या कडेले लावला. तुम्हीच ठेकेदाराले म्हटलं, बायको रुसली, तिच्या जागेले हात लावू नका. हे आयकून बरं वाटलं, खोटं कायले बोलू? पण याडीले पाणी भराले लावून माही मर्जी राखता काय?

मिटिंगमध्ये सायबानं सांगितलं होतं, पाइपातली हवा सगळ्यात उंच जागी अडकते, तिथूनच ती बाहेर काढा लागते. मी मागं बसून नीट आयकलं. मी हो म्हणणारच होती. तेवढ्यात तुम्ही उठून, "खोदा माह्या टेकाडावर," म्हणून मोकळे झाले. माह्या म्हणे! मामाजीनं ती जागा माह्या नावानं केली, चक्की टाकाले मी दगड वेचून सपाट केली. अख्ख्या तांड्यादेखत मोठेपणा घेतला, अन् मले एका शब्दानं इचारलं नाही. जागेपायी नाही निघून आली मी.

तर आयका. व्हॉल्व टेकाडावरच लावा. उर्वशी जागा देऊन राह्यली, असं मिटिंगमध्ये मोठ्यानं सांगा. चक्की थोडी बाजूले सरकवू. खड्ड्यावर झाकण मात्र मजबूत पाहिजे, खुशी त्यावर उड्या मारल्याबिगर राहणार नाही.

ती रोज इचारते, बाबा कवा येतीन? मले काय माहीत, म्हणून मी गप्प करतो तिले. अन् गाडीचा आवाज आला का मीच पयले दारात. वैनी हसते.

या एकदाचे. पण दारातूनच "चाल, सामान बांध," म्हणान तर मी जागची हलणार नाही. आत या, चहा घ्या, अन् इचारा, "उर्वशी, येतं का?"

बस, तेवढं इचारा. पिशवी मी कवाची भरून ठेवली.

तुमचीच,
उर्वशी