बाईसाहेबांचं जाकीट

९ जून
चि. धाकट्यास अ. उ. आ.
आई गेल्यापासून अण्णांनी शिलाई मशीनवरची चादर काढलेली नाही. गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. माझ्याशी बोलणं ‘हो’ नाही तर ‘नको’. सगळ्या गप्पा आईच्या कोंबडीशी. हो, त्याच बाईसाहेब, आईच्या ताटातलं हक्कानं उचलणाऱ्या!
शेजारच्या कुत्र्यानं त्यांना पंखाला धरून फरफटवलं. पंख लोंबतोय, जखमेत पू झालाय. उचलून घेतलं तेव्हा दिसलं की एक तळवाही सुजलाय, मधोमध काळी खपली आहे. अण्णा जेवण सोडून खुराड्यासमोर बसलेत. तू जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करतोस, काय करू ते लगेच कळव. ही गेली तर अण्णांचं काय?
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१३ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
कोंबडी दुखणं शेवटपर्यंत लपवते, तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजव, खपली मऊ झाली की काढ. आतला पिवळा, घट्ट पू निघेपर्यंत दाब. मग सोबत पाठवलेलं मलम आणि पट्टी, रोज. पंखाच्या जखमेभोवतीची पिसं काप, जखम धू, मलम लाव. पंख मिटून अंगाशी पक्का बांध, अजिबात हलता कामा नये. आणि रडू नकोस. लहानपणी काटा माझ्या पायात होता, भोकाड तू पसरलं होतंस.
लोभ आहे तसाच राहू दे.
धाकटा

२० जून
चि. धाकट्यास अ. उ. आ.
अण्णांनी धरलं, मी दाबलं. पू निघाला, पायाची सूज उतरतेय. पंखाची पट्टी मात्र बाईसाहेब चोचीनं सोडवत. शेवटी अण्णा उठले आणि मशीनवरची चादर काढली! छातीचं माप घेऊन आईच्या जुन्या पोलक्याचं जाकीट शिवलं. कुठे एक चुणी नाही. मला म्हणाले, फिटिंग बघ. मशीनचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. हसू नकोस.
अशीच आठवण ठेव.
तुझी ताई

२३ जून
चि. धाकट्यास अ. आ.
बाईसाहेब काल गेल्या. सकाळपासून चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या. इथल्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छाती हलली तरच कोंबडीला श्वास घेता येतो. जाकीट फार घट्ट होतं.
अण्णांना मी सांगितलं, पू रक्तात भिनला. तूही तेच लिही. खरं कळलं तर ते पुन्हा मशीनला हात लावणार नाहीत.
तुझी ताई

२९ जून
चि. बाळास अ. उ. आ.
पत्र पोचलं. पू रक्तात भिनला असं तूही लिहितोस. दोघं भावंडं एकाच शाळेतली.
जाकीट मीच उतरवलं. पिसांखाली शिवणीचे वळ होते. कपडा कुठे काचतो, हे मला जन्मभर वळावरूनच कळत आलंय. ‘पक्का बांध’ असं तू लिहिलं होतंस, ते मनाला लावून घेऊ नकोस. माप माझं होतं.
ताईला मात्र मला कळलंय हे सांगू नकोस. मी मशीनवर बसलो की तिला वाटतं, अण्णा सावरले. म्हणून रोज बसतो. दोरा ओवत नाही, नुसतीच चालवतो. पलीकडच्या खोलीत तिला आवाज जातो.
जपून राहा, विसरू नकोस.
अण्णा