अंतरा बोटांत आहे

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. अठ्ठावीस तारखेला बायकोची पन्नाशी. भेट काय हवी विचारलं तर म्हणाली, काही नको, ते गाणं एकदा शेवटपर्यंत वाजव. लग्नाआधी तिच्या ऑफिसच्या जिन्यात बसून गिटारवर वाजवायचो, तेच. मुखडा झाला की नेमकं काहीतरी आडवं यायचं. कधी तार तुटायची, कधी तिचे साहेब जिना उतरायचे. अंतरा राहिला तो राहिलाच.
येत नाही असं नाही. बोटांत आहे. साउंड मिळाला की बाहेर येईल.

४ फेब्रुवारी
वाद्यांच्या दुकानात गिटारला जोडायची दोन पेडल्स पाहिली. लूपर: पायाने बटण दाबलं की आपण वाजवलेलं रेकॉर्ड करतं आणि तेच तेच वाजवत राहतं. म्हणजे मीच माझा साथीदार. ग्रॅन्युलर: आपल्या सुराचा बारीक चुरा करून तो हवेत उधळतं. दुकानदार म्हणाला, कोणतं देऊ? त्याला माहीत नसावं, मी खोक्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माझ्या शिक्क्याशिवाय एक खोकं गेटबाहेर जात नाही. तुलना केल्याशिवाय मी खोडरबरसुद्धा घेत नाही.
दोन्ही घरी आणली. लूपर थांबवायचं कसं ते तो सांगत होता. म्हटलं, आधी सुरू तर होऊ दे.

७ फेब्रुवारी
तुलना सुरू. लूपरवर मुखड्याची पहिली ओळ. उत्तम. पुन्हा ऐकली. उत्तम. जेवणापर्यंत तीच ऐकली, कंटाळा नाही. मुलगी डोकावली. म्हणाली, बाबा, पुढची ओळ कधी? म्हटलं, पाया पक्का हवा. तिने दार ओढून घेतलं.

९ फेब्रुवारी
ग्रॅन्युलर. मुखडा आत घातला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी बाहेर आलं. शेजारचे काका नळ फुटलाय का विचारून गेले. त्यांना सुरातली खोली कळत नाही.
संकल्प: उद्यापासून अंतरा.

१० फेब्रुवारी
अंतरा घेतला नाही. तुलना अर्धवट असताना अंतरा म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

१३ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. म्हणाला, दोन दोन यंत्रं कशाला, सरळ गिटार वाजवा की. जाताना पुटपुटला, नाचता येईना अंगण वाकडं. मी ऐकलं. अंगण वाकडं असू शकतं. तेच तर मी तपासतोय.

१६ फेब्रुवारी
ऑफिसात बसून तुलनेचा तक्ता केला. दोन्ही पेडल्सना सारखेच गुण. साहेबांनी विचारलं, खोक्यांच्या रिपोर्टचं काय झालं? म्हटलं, तुलना चालू आहे. यात खोटं काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी
व्यत्यय. भांडी लावताना ही काहीतरी गुणगुणते, आणि तेही नेमकं माझ्या चाचणीच्या वेळी. आज शांतपणे सांगितलं की मागे दुसरा आवाज असला की तुलना बिघडते. बरं म्हणाली. तरी मी दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी
पुन्हा गुणगुणणं, आणि आता अगदी दाराशी येऊन. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. असेल काहीतरी. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. आता शांत.

२५ फेब्रुवारी
निर्णय झाला. दोन्ही वापरणार. लूपर मुखडा धरणार, ग्रॅन्युलर तो उधळणार, वर मी अंतरा चढवणार. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मुलगी म्हणाली, एकदा अंतरा वाजवून तरी दाखव, नाहीतर निदान मॅन्युअल वाच. म्हटलं, भेट आधी उघडून दाखवत नाहीत, आणि मॅन्युअल नवशिक्यांसाठी असतं.

२७ फेब्रुवारी
हिने विचारलं, वाजवशील ना नक्की? म्हटलं, नक्की. ती हसली, अगदी जिन्यातल्यासारखी. मी जाऊन गिटार तीनदा पुसली. अंतऱ्यामुळे नाही. धूळ फार बसते हल्ली.

१ मार्च
काल लिहायला जमलं नाही. सगळे नातेवाईक जमले होते. मुखडा वाजवला, लूपरने धरला, टाळ्या पडल्या. इथपर्यंत मला कोणी नावं ठेवून दाखवावीत.
मग अंतऱ्यासाठी लूप थांबवायला बटण दाबलं. थांबला नाही. उलट लूपर जुन्यावर नवं रेकॉर्ड करायला लागलं. घाबरून पुन्हा दाबलं, परत दाबलं. मी जे जे छेडलं ते सगळं त्यात भरत गेलं आणि ग्रॅन्युलर त्याच्या गारा करून पाहुण्यांवर पाडत राहिलं. मेहुण्याने केकवर हात धरला. मग ही उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने पेडल्सच्या अॅडॉप्टरचा प्लग काढला.
म्हणाली, आता नुसतं वाजव.
माझी गिटार प्लगशिवायही वाजते. दुर्दैवाने हे सगळ्यांना माहीत आहे. बोटं तारांवर ठेवली. खूप वेळ ठेवली. काही आलं नाही. म्हटलं, अॅडॉप्टर जळलाय. असेल, म्हणाली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि तिने अंतरा म्हटला. सावकाश, शेवटपर्यंत.
तेच ते. भांडी लावतानाचं.
पाहुणे गेल्यावर म्हणाली, तुझ्या कानावर पडावा म्हणून तर रोज म्हणत होते. मला फार लाज वाटली. टॉवेल अजून दारापाशीच होता. तो उचलून धुवायला टाकला.

२ मार्च
तरीही न्याय तो न्याय. अॅडॉप्टरवरचा संशय मी इतक्या सहज सोडणार नव्हतो. आज दुकानात नेऊन समोर उभं राहून तपासून घेतला.
ठणठणीत आहे.