दोष पिन-बॉक्सचा, चालकाचा नव्हे

२ ऑक्टोबर. प्लॅट नदीकाठचा कॅम्प, नेब्रास्का.

या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: आमचा ट्रेलर ओढताना जे धक्के बसतात त्यांचे कारण पिन-बॉक्स आहे, चालक नव्हे. चालक मी आहे. परंतु या योगायोगाचा निष्कर्षावर परिणाम होऊ देणार नाही.

रचना अशी. ट्रेलरचे नाक ट्रकच्या हौद्यावर येते. नाकाखाली पोलादी पेटी लोंबते, तिला पिन-बॉक्स म्हणतात. पेटीच्या तळाशी मनगटाएवढी जाड पिन. हौद्यात ‘हिच’ नावाची पोलादी पकड बसवलेली असते. तिचा जबडा ती पिन धरतो. ट्रेलरचा सगळा भार त्या पिनेवर असतो. मिनेसोटा सोडल्यापासून संसाराचाही आहे.

पत्नी आर्लिसने सकाळपासून मानेला पट्टा बांधला आहे. तिचे म्हणणे असे की, हॅल्वर, तू ब्रेक दाबत नाहीस, ब्रेकशी वाद घालतोस. हा अलंकार आहे, युक्तिवाद नव्हे. मी ब्रेक योग्य क्षणीच दाबतो. त्याआधी दाबणे म्हणजे अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढणे.

तिने लिंकन शहरात राहणाऱ्या बहिणीला, आयोनीला, फोन केला. आयोनी दहा तारखेला गाडी घेऊन येणार. तोवर धक्के थांबले नाहीत तर आर्लिस हिवाळाभर आयोनीकडे राहील, आणि मी ॲरिझोनाला एकटा जाईन. वर म्हणाली, तिथे निवडुंगांना तर्कशास्त्र शिकव, ते मधे बोलत नाहीत.

थंडी चुकवायला एकवीस हिवाळे आम्ही तिकडे बरोबर गेलो आहोत. हा मुद्दा मी मांडला नाही. तो भावनिक आहे.

संकल्प: धक्के शोषणारा, हवेच्या पिशवीचा नवा पिन-बॉक्स बसवणे. स्वतः.

३ ऑक्टोबर

गावातल्या दुकानात पिन-बॉक्स मागवला. परवा येईल. दुकानदार म्हणाला, आमचा माणूस बसवून देईल. मी म्हणालो, आठ बोल्ट काढावयाचे आणि आठ बोल्ट लावावयाचे, यात माणसाचा संबंध कोठे येतो? त्याने पावती फाडली.

शेजारच्या जागेवर वर्न पेट्रिक म्हणून गृहस्थ आहेत. निवृत्त. अंत्यसंस्काराचा व्यवसाय होता, शववाहिका स्वतः चालवीत. संध्याकाळी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन आले. आर्लिसने मानेचे पुराण सांगितले. वर्न म्हणाले की ब्रेकवर पाय असा ठेवावा, जणू खाली अंडं आहे. चाळीस वर्षं माणसं नेली, एकानंही धक्क्याची तक्रार केली नाही.

मी निदर्शनास आणले की त्यांचे प्रवासी तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हते. वर्न म्हणाले, ते नव्हते, पण मागच्या गाडीत त्यांच्या बायका होत्या.

आर्लिस पट्ट्यासकट हसली. मान तितकीशी दुखत नसावी. नोंद करून ठेवतो.

५ ऑक्टोबर

पिन-बॉक्स आला. सुंदर वस्तू. दुकानातल्या दोघांनी उतरवला. मी दिग्दर्शन केले.

सकाळी सातला आरंभ, दहाला समाप्ती, असे ठरवले होते. नऊला आरंभ झाला, कारण सूचनापत्रिका आधी पूर्ण वाचणे इष्ट. तिच्यात तीन ठिकाणी तर्कदोष आहेत. दुकानाला पत्र लिहावयाचे आहे.

जुने बोल्ट निघाले नाहीत. गंज. तेल सोडले. तेल मुरावयास वेळ द्यावा लागतो. ते माझ्या हातात नाही.

कॅम्पची चाल अशी आहे की कोणी ट्रेलरखाली शिरला की बाकीचे घडीच्या खुर्च्या घेऊन समोर बसतात. आज पाच खुर्च्या होत्या. आर्लिसची धरून. तिने विणकाम आणले होते.

६ ऑक्टोबर

सात बोल्ट काढले. वर्न म्हणाले, आठवा काढायच्या आधी पेटीखाली जॅक लावा. मी समजावले की पेटी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत इतकी घट्ट बसली आहे की ती घर्षणानेच जागेवर राहील. वर्षानुवर्षे राहिलेली आहे. वर्न म्हणाले, वर्षानुवर्षं तिला बोल्ट होते.

आठवा बोल्ट काढला. पिन-बॉक्स अपेक्षेपेक्षा लवकर उतरला.

घडीचे टेबल गेले. टेबलावर आर्लिसने ओव्हनमध्ये भाजलेली कॅसरोल होती, बटाट्याची, वरून कुरकुरीत. आर्लिस म्हणाली, मला भूक नव्हतीच.

तथापि जुना पिन-बॉक्स काढण्याचा टप्पा पूर्ण झाला, हे नाकारता येत नाही. दुपारी पाना दोनदा हातातून निसटला. वयाचा संबंध नाही. पाना निकृष्ट आहे.

७ ऑक्टोबर

रविवार म्हणून काम नाही. (आज शनिवार आहे, असे आर्लिसने सांगितले. विश्रांतीचे कारण बदलले तरी विश्रांती योग्यच होती.)

आर्लिसने जुन्या पिन-बॉक्सवर ओले बूट वाळत ठेवले आहेत.

८ ऑक्टोबर

नवा बसवला. या वेळी खाली जॅक लावला होता. वर्न यांच्या सांगण्यावरून नव्हे. स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आलो.

नव्या पेटीला भोकांच्या तीन रांगा आहेत. जी रांग निवडावी त्या मानाने पिन वर किंवा खाली येते. वर्न म्हणाले, ट्रक मागे घेऊन पिनेजवळ नेऊन बघा, मग रांग ठरवा. मी ती कागदावर आकडेमोड करून काढली. मधली.

वर्न यांनी कागद पाहिला, अक्षराचे कौतुक केले, आणि विचारले, हे मोजलंत तेव्हा हौद्यात सामान होतं का? मी म्हणालो, सामान ही गौण बाब आहे. आर्लिस म्हणाली, गौण बाब म्हणजे जनरेटर, पाण्याचे दोन पिंप आणि तुझी पुस्तकं.

बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. आठही. अभिमान वाटावा असे काम. वाटू दिला नाही.

९ ऑक्टोबर, सकाळ

आज जोडणी आणि चाचणी. आयोनी उद्या दुपारी येते. वेळ पुरेसा आहे. चाचणीनंतर आर्लिस पट्टा काढील आणि फोन करील, अशी अपेक्षा. खुर्च्या नऊ. कोणी तरी कॉफीचा थर्मास आणला आहे.

९ ऑक्टोबर, दुपार

घडले ते क्रमाने.

ट्रक मागे घेतला. पिन हिचमध्ये शिरली. जबडा मिटल्याचा आवाज झाला. हँडल बंद झाले. हौद्याचा फाळका लावला.

आता या लोकांत एक रीत आहे. ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीवरच ठेवावयाचे, ट्रेलरचा ब्रेक दाबून धरावयाचा, आणि ट्रक हळूच पुढे ओढून पाहावयाचा. पिन धरली असेल तर ट्रक अडतो. नसेल तर ट्रक सुटतो, पण पाय खाली असल्यामुळे काही बिघडत नाही. प्रत्येकजण प्रत्येक वेळी हे करतो, देवाचे नाव घेतल्यासारखे.

वर्न खुर्चीतूनच म्हणाले, ओढून बघा.

मी खिडकीतून उत्तर दिले. पिन धरल्याखेरीज जबडा मिटत नाही. जबडा मिटल्याखेरीज हँडल बंद होत नाही. हँडल बंद आहे. म्हणून पिन धरलेली आहे. जे सिद्ध झाले ते पुन्हा ओढून पाहणे म्हणजे तर्काचा अपमान.

मागून एक बाई म्हणाल्या, अपमान होऊ द्या, ओढा. आर्लिस म्हणाली, हॅल्वर, माझ्यासाठी ओढ.

तिने असे म्हणावयास नको होते. तिच्यासाठी ओढले असते तर ते तर्कासाठी ओढले नसते.

पाय वर घेतले. ट्रक पुढे घेतला.

पहिले विधान असत्य निघाले. पिन जबड्यात नव्हती. सामानाच्या भाराने हिच खाली गेली होती आणि पिन मिटलेल्या जबड्याच्या वर टेकली होती. ट्रक सुटला, आणि ट्रेलरचे नाक हौद्याच्या दोन्ही भिंतींवर बसले. आवाज मोठा होता. मग कपाटांतल्या बश्यांचा आवाज, तो बराच वेळ चालला.

वर्न उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. सवयीने, असे नंतर म्हणाले.

आर्लिस ट्रकपाशी आली, काचेतून मला नीट पाहिले, लागलं का विचारले. नाही म्हणालो. मग ती आत गेली आणि बश्यांचे तुकडे गोळा करू लागली.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

खुर्च्यांतल्या सर्वांनी मिळून नाक उचलले, पाय खाली घेतले, ट्रक मोकळा केला. हौद्याच्या भिंती आत वळल्या आहेत. नव्या पिन-बॉक्सची हवेची पिशवी फुटली, एक कडा वाकली. दुरुस्तीस योग्य नाही.

वर्न आणि इतर दोघांनी आर्लिसचे बूट बाजूला ठेवून जुना पिन-बॉक्स पूर्वीच्याच भोकांत पुन्हा बसवला. मी बोल्ट हातात दिले. वर्न म्हणाले, आता ओढून बघा. ओढून पाहिले. ट्रक अडला.

म्हणजे आम्ही २ तारखेच्या स्थितीत परत आलो आहोत. फरक इतकाच की आता टेबल नाही.

आर्लिसने पिशवी भरली आहे. रात्रीच्या जेवणाला सूप होते. मी विचारले, आयोनी किती वाजता येते. ती म्हणाली, बाराला. मी म्हणालो, तिथे हिवाळ्यात फार बर्फ पडतो. ती म्हणाली, मिनेसोटाच्या माणसानं मला बर्फाचं सांगू नये.

सूपचे भांडे मी धुतले. प्रथमच.

१० ऑक्टोबर, सकाळ

आर्लिस न्याहारीला म्हणाली की दोन पर्याय आहेत. एक, आयोनी. दुसरा, ट्रक मी चालवते.

दोनच पर्याय असल्याचे गृहीत धरणे हा सुप्रसिद्ध दोष आहे. ही बाब मी मांडली. ती म्हणाली, तिसरा सांग. मी आणखी कॉफी ओतून घेतली.

मी म्हणालो, तू कधी एवढे ओढलेले नाहीस. ती म्हणाली, हॅल्वर, सुगीच्या दिवसांत बापाचा धान्याचा ट्रक मी चालवायचे, तेव्हा माझे पाय पेडलला पुरत नव्हते. हे तू दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ऐकतोस.

ऐकतो हे खरे. कौटुंबिक दंतकथा समजत होतो.

तिने आयोनीला फोन करून सांगितले की निघू नकोस, आधी वीस मैल बघते. मला उद्देशून म्हणाली, आणि तू काही शिकवू नकोस. निघण्यापूर्वी तिने ओढून पाहिले. वर्न हात हलवीत उभे होते. टोपी डोक्यावर होती.

१० ऑक्टोबर, दुपार. चालू ट्रकमध्ये.

वीस मैल होऊन बराच वेळ झाला. कॅन्ससची हद्द मागे पडली. आर्लिस सिग्नलच्या फार आधी पाय उचलते. अपुऱ्या माहितीवर. मागच्या गाड्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, तिने हात करून त्यांना पुढे जाऊ दिले.

माझ्या पुढ्यात कॉफीचा पेला आहे. काठोकाठ. सांडलेला नाही. हवेचा परिणाम असू शकेल. रस्ता नवा असू शकेल. पिन-बॉक्सला पडण्याने गुण आला असू शकेल. यावर विचार करण्यासारखे आहे.

मात्र या पानावर माझे अक्षर सरळ येत आहे. २ तारखेला कॅम्पमध्ये, टेबलावर, इतके सरळ आले नव्हते.

तोच ट्रक. तोच ट्रेलर. तोच पिन-बॉक्स, त्याच भोकांत. बदललेली वस्तू एकच आहे आणि ती डावीकडे, चालकाच्या जागेवर बसून कसले तरी भजन गुणगुणते आहे.

मघाशी थांबलो तेव्हा तिने मानेचा पट्टा काढून मागे टाकला आणि आयोनीला फोन केला, की वसंतात भेटू. मग मला म्हणाली, एक चूक लिही तुझ्या त्या वहीत. एकच. सही करून. जास्त लिहायला लावलं तर हिवाळा संपेल.

म्हणून लिहितो.

२ ऑक्टोबरच्या नोंदीचे पहिले वाक्य मी लिहिले, सात दिवस त्यावर काम केले, एक टेबल, ट्रकचा हौदा आणि जवळजवळ सर्व बश्या त्यापायी घालवल्या. पण ते वाक्य एकदाही ओढून पाहिले नाही. ही माझी चूक.

हॅल्वर लिंडक्विस्ट
(उजवी सीट)