न केलेल्या तपासण्या

ताई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय.

मी बरी आहे, हे आधी वाच. आईचा गुडघा कसा आहे?

गेल्या सोमवारी आमच्या शिवणकारखान्याचा जिना चढताना अशी धाप लागली की पायरीवरच बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सरच्या त्या औषधांनी काही जणींचं हृदय वर्षांनंतर थकतं. शेवटचं कधी तपासलंत?"

ताई, उपचार संपल्यापासून सहा वर्षांत मी एकदाही तपासणीला गेले नाही. त्या हॉस्पिटलच्या वासानेच पाय मागे फिरायचे. तुला मात्र दरवर्षी कळवलं, रिपोर्ट छान आहे.

आता गोळ्या चालू आहेत, दम कमी लागतो. माझं मी निस्तरेन. पण तुलाही तोच आजार झाला, तीच औषधं दिली. परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "तुझं हृदय ठणठणीत आहे, मग मी कशाला हेलपाटे घालू?" तेव्हाही खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. लाज वाटते गं, म्हणून लिहितेय.

हवं तर जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण हे पत्र खाली ठेव आणि आधी हृदय तपासून ये.

तुझी खोटारडी धाकटी